मधमाश्यांचा हिवाळी शिधा

थंडी पडली की बर्फाळ मुलखातील मधमाशी झोपी जाते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. कॅनडात किंवा उत्तर युरोपात बाहेर पाणी गोठते, तेव्हा पेटीतील हजारो माश्या एकमेकींना बिलगून गोळा करतात आणि पंख न हलविता उड्डाणाचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात. गोळ्याच्या बाहेरच्या थरात सुमारे १० अंश सेल्सिअस, आणि मध्यभागी पिले असतील तर ३५ च्या आसपास! ही शेगडी मधावर चालते. नरांना शरदातच हाकलून दिलेले असते. शिध्यात त्यांना वाटा नाही.

मग माणसाने त्यांना खाऊ घालावे कशाला? कारण मध आपण काढून घेतलेला असतो. पूर्वी युरोपात गवती करंड्यांतून माश्या पाळीत, आणि पुष्कळ ठिकाणी गंधकाच्या धुराने त्यांना मारूनच मध काढीत. १८५२ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी सुट्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले, आणि माशी जिवंत ठेवून मध काढणे सोपे झाले. परंतु जिवंत ठेवले की पोसणे आलेच. हा हिशेब माणसांच्या बाबतीत मालकांना पटवताना आमची उमर गेली, ते असो.

कडक थंडीत एका वसाहतीला ३० ते ४० किलो मध लागतो. तो कमी असेल तर थंडीपूर्वीच दोन भाग साखर व एक भाग पाणी असा पाक द्यावा. उशीर झाला तर त्यातले पाणी आटवून तो साठविणे माश्यांना जमत नाही. मग गोळ्याच्या डोक्यावर कोरडी साखरच ठेवतात. गूळ का नको? त्यातील न पचणारा अंश माशीच्या पोटात साठतो. ती पेटीत घाण करीत नाही, बाहेर पडण्याजोग्या दिवसाची आठवडेच्या आठवडे वाट पाहते. त्यात हगवण लागली की वसाहत खचते.

खरी उपासमार ऐन कडाक्यात होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये राणी पुन्हा अंडी घालू लागते, खर्च वाढतो, आणि फुले अजून दूर असतात. कधी वीतभर अंतरावर मध असूनही गोळा थंडीमुळे तेथवर सरकू शकत नाही व भुकेने मरतो. म्हणून जाणता पाळणारा पेटी न उघडता मागून जरा उचलून वजन अजमावतो.

आपल्या महाबळेश्वरकडे ही वेळ पावसाळ्यात येते. झडीमुळे सातेरी माशीला बाहेर पडता येत नाही, आणि तिलाही साखरेचा पाक द्यावा लागतो.