बातम्या ढीगभर, फोन एकही नाही!

साइटवर न्यूज फीड लावा आणि गुगलवर झटपट वर या... हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असेलच. बोरिवलीच्या आमच्या मामाने तो ऐकला. पुढे काय झालं?

रविवारची दुपार. मामाकडे जेवायला गेले होते. आमटी-भात संपायच्या आतच मामाने मोबाइल पुढे केला. "अगं, तू पत्रकार ना? मग माझी वेबसाइट गुगलवर सापडते का, ते जरा बघ!"

मामा बोरिवली पश्चिमेला इस्टेट एजंट आहे. भाड्याची घरं, रिसेलचे फ्लॅट. पूर्वी दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या कागदांवर धंदा चालायचा. आता आपल्यासारखी मंडळी घर शोधतात ती ऑफिसमधून निघाल्यावर, लोकलमध्ये लटकत, मोबाइलवर. काचेकडे बघतंय कोण? म्हणून मामाने साइट करून घेतली. करणाऱ्या पोराने आयडिया दिली, "काका, प्रॉपर्टीच्या बातम्यांचं फीड लावू. रोज पन्नास बातम्या आपोआप येतील. साइट ताजी दिसली की गुगल वर नेतं!"

सहा महिने झाले. साइटवर बातम्यांचा नुसता पूर. रेपो रेट, सिमेंटचे भाव, नोएडाचे फ्लॅट, दुबईचे टॉवर! आणि फोन? एकही नाही. दुकानाचं भाडं मात्र दर महिन्याला न चुकता भरायचंच.

फीड म्हणजे काय बुवा?

फीड म्हणजे एक साधी फाइल. तिच्यात बातमीचा मथळा, थोडा सारांश, वेळ आणि मूळ बातमीची लिंक. नेटस्केप कंपनीने १९९९ मध्ये आपल्या पोर्टलसाठी 'आरएसएस' आणलं आणि पुढे ते सगळीकडे पसरलं. दहा साइट्सवर फिरण्यापेक्षा सगळ्या बातम्या एकाच जागी वाचायच्या, एवढाच साधा हेतू. गुगलचा रीडर २००५ मध्ये आला आणि २०१३ मध्ये बंद झाला. फीड मात्र आजही चालतात.

मग साइटवाल्यांच्या लक्षात आलं, की वारंवार बदलणाऱ्या पानांवर सर्च इंजिनची फेरीही वारंवार होते. झालं! स्वतः लिहायचा कंटाळा, मग दुसऱ्याच्या बातम्या लावा. त्यातही गंमत होती. जावास्क्रिप्टच्या विजेटमधून आलेले मथळे माणसांना दिसायचे, पण त्या काळातल्या सर्च इंजिनला ते वाचताच यायचे नाहीत. म्हणून हुशार मंडळी फीडचा मजकूर थेट पानातच उतरवायला लागली.

ही मजा फार टिकली नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने 'पांडा' नावाचा बदल आणला आणि उसन्या, पातळ मजकुरावर जगणाऱ्या साइट्स खाली घसरल्या. मार्च २०२४ मध्ये तर नियम आणखी कडक झाले. फीड ओढून ढीगभर पानं तयार करायची आणि वाचणाऱ्याला त्यातून नवं काहीच द्यायचं नाही, हे गुगलच्या लेखी सरळ स्पॅम आहे.

दहा पेपर, एकच बातमी

कारण अगदी साधं आहे. स्टेशनबाहेरच्या पेपर स्टॉलवर उभे राहा. पीटीआयची एकच बातमी चार पेपरांत सापडेल. ती विकत घेऊन छापण्यात गैर काहीच नाही, १९४९ पासून हेच चाललंय. पण आपण ठरावीक पेपर का घेतो? त्यात आपल्या भागाचं पान असतं म्हणून!

सर्च इंजिनही असंच वागतं. एकच मजकूर शंभर ठिकाणी दिसला, की ते त्यातलं एक पान निवडतं, बाकीची बाजूला सारतं. आता सांगा, मोठ्या वृत्तसंस्थेचं पान सोडून ते बोरिवलीच्या मामाचं पान कशाला निवडेल?

आणखी एक गोष्ट. फीड वाचायला फुकट असतं, पण त्यातला अख्खा मजकूर आपल्या साइटवर चिकटवायचा हक्क त्यामुळे मिळत नाही. तिथे कॉपीराइट येतो. परवानगी घ्या, नाहीतर लिंक देऊन स्वतःच्या शब्दांत लिहा.

मामाचं डोकं, हेच फीड!

"मग काय करू? साइट बंद करू?" मामा वैतागला.

मी विचारलं, "मामा, दुकानात आलेली माणसं तुला काय विचारतात?"

तो सुरूच झाला. लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो का? (लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. आणि ती जबाबदारी घरमालकाची!) भाडेकरूची माहिती पोलिसांना कशी द्यायची? महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट कसा तपासायचा? मेट्रो २ए आल्यापासून एकसर, शिंपोलीकडच्या भाड्यांचं काय झालं?

ही खरी इस्टेट! यातलं एकही उत्तर त्या पन्नास बातम्यांत नव्हतं.

आम्ही फीडचा तो धबधबा काढून टाकला. आता मामा रोज सकाळी चहासोबत फीड स्वतः वाचतो. आठवड्यातून एक बातमी निवडतो आणि तिचा बोरिवलीकरांना काय उपयोग, ते दहा-बारा ओळींत लिहितो. खाली मूळ बातमीची लिंक. मामी शुद्धलेखन तपासते.

तुमचीही साइट आहे?

- फीड आधी तुम्ही वाचा, मग त्यावर तुमचं म्हणणं लिहा.
- बातमी लावायचीच असेल तर मथळा आणि लिंक पुरे. त्यासोबत तुमच्या ग्राहकाच्या कामाच्या चार ओळी हव्यातच.
- तुमच्या साइटचं स्वतःचं फीड चालू ठेवा. गुगल ते साइटमॅप म्हणूनही घेतं, त्यामुळे नवं पान त्याच्या नजरेत येणं सोपं जातं.
- दुकानात, फोनवर लोक ज्या शब्दांत विचारतात, त्याच शब्दांत लिहा.

मामा गुगलवर पहिला आला का? छे! 'बोरिवली फ्लॅट' टाकलं, की अजूनही मोठी पोर्टल्सच दिसतात. पण चार महिन्यांनी एका संध्याकाळी त्याचा फोन वाजला. पलीकडे अंधेरीच्या ऑफिसातली एक मुलगी होती. "काका, भाडेकरारावर लिहिणारे ते तुम्हीच ना? मला बोरिवलीत घर हवंय."

मामाने लगेच मला फोन केला. "अगं, एक गिऱ्हाईक आलं!"

पन्नास बातम्यांना सहा महिन्यांत जे जमलं नाही, ते मामाच्या दहा-बारा ओळींनी केलं.