मुंबई उच्च न्यायालयाची इमारत

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेस असलेली नवगॉथिक शैलीतील वास्तू. उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ मध्ये झाली. त्याच्या या वास्तूचा आराखडा लष्करी अभियंता कर्नल जेम्स फुलर याने केला. एप्रिल १८७१ मध्ये सुरू झालेले बांधकाम नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले व जानेवारी १८७९ मध्ये येथे पहिली बैठक भरली. खर्च सु. १६·४४ लाख रु. झाला, मंजूर अंदाजाहून तो किंचित कमीच होता, ही सरकारी बांधकामांत विरळा गोष्ट होय. इमारत सु. १७१ मी. लांब व ५७ मी. रुंद असून तिच्या पश्चिम बाजूस माथ्यावर न्याय व दया यांचे पुतळे आहेत. मधल्या न्यायकक्षात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्या प्रसंगीचे त्यांचे उद्गार कोरलेला फलक १९५६ मध्ये कक्षाबाहेर बसविण्यात आला. त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आल्याने हिंगोलीसारख्या दूरच्या भागातील अपिलेही येथे येऊ लागली. औरंगाबादला १९८१ मध्ये न्यायपीठ सुरू झाले, तेव्हा पक्षकारांची ही लांबची खेप टळली.

समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत अशा वास्तूची निगा राखणे नाजूक काम असते. दगडांच्या सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट भरल्यास आतली ओल कोंडते व कोरीव दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून दुरुस्तीतही चुनाच वापरणे इष्ट मानतात. २०१८ मध्ये या परिसराचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. जागा अपुरी पडू लागल्याने वांद्रे (पूर्व) येथे नव्या संकुलाची पायाभरणी २०२४ मध्ये करण्यात आली.