फाडफाड बोलता... पण ऐकता का?

क्लायंट कॉलवर तुम्ही हीरो, ऑफिसच्या पार्टीत तुमचं इंग्रजी एकदम झक्कास. मग आयईएलटीएसच्या लिसनिंग आणि रीडिंगमध्ये बँड का घसरतो? या दोन ‘गप्प’ पेपर्सचा फंडा नेमका आहे तरी काय?

आपल्याकडे कुणाचं इंग्रजी चांगलं, हे कोण ठरवतं? नातेवाईक! ‘‘काय फाडफाड इंग्लिश बोलतो हो तुमचा मुलगा!’’ असं एखाद्या काकूंनी म्हटलं, की झालं, विषय संपला. ‘‘तुमची मुलगी इंग्लिश काय मस्त ऐकते हो!’’ असं कौतुक मात्र मी अजून तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. वाचण्याचंही तेच. बोलणं चारचौघांत दिसतं, ऐकणं-वाचणं दिसत नाही. जे दिसत नाही, त्याचा विचार कोण करतंय?

विचार करावा लागतो तो परदेशाची वाट धरल्यावर. मास्टर्स असो, नर्सिंगची नोकरी असो की कॅनडाचा पीआर, बहुतेक ठिकाणी आधी इंग्रजीचा स्कोअर मागतात. यातली आपल्याकडची सगळ्यात ओळखीची परीक्षा म्हणजे १९८९ साली सुरू झालेली आयईएलटीएस. केंब्रिज, ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपी अशा तिघांची ही परीक्षा २०२१ पासून भारतात आयडीपी घेते. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग असे चार भाग आणि प्रत्येकाला ० ते ९ बँड. म्हणजे निम्मी परीक्षा न बोलता, न लिहिता द्यायची!

या स्टोरीसाठी मी डेक्कनवरच्या एका क्लासमध्ये सलग काही शनिवार मागच्या बाकावर बसून होते. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तेव्हाची ती पोरं आज तिशीच्या आसपास आहेत. त्यामुळे बॅचमध्ये ‘इंग्लिश येत नाही’ असं म्हणणारं कुणीच नव्हतं. पण मॉक टेस्टचे पेपर हातात पडले, की भल्याभल्यांची बोलती बंद!

एक हिंजवडीचा, एक वॉर्डातली

त्यातले दोघं माझ्या चांगलेच लक्षात राहिले. पहिला माझा जुना मित्रच. कॉन्व्हेंटचं शिक्षण, हिंजवडीत नोकरी, रोज संध्याकाळी लंडनच्या क्लायंटशी कॉल. कॅनडासाठी परीक्षा दिली. स्पीकिंगला ८ आणि रीडिंगला ६.५! ‘‘अगं, दिवसभर मी इंग्लिशच वाचतो ना! मेल्स, टिकेट्स, डॉक्युमेंट्स... अजून काय वाचू?’’ तो वैतागून म्हणाला. क्लासच्या सरांनी शांतपणे विचारलं, ‘‘तू वाचतोस, की चाळतोस?’’

दुसरी साताऱ्याकडची, पूर्ण मराठी माध्यमातली, पुण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स. इंग्रजी बोलताना आजही वाक्याच्या मध्येच थांबते, शब्द शोधते. लिसनिंग? ७.५! मी विचारलं, कसं काय? ती म्हणाली, ‘‘अहो मॅडम, राउंडला डॉक्टर एकदाच सांगतात. किती एमएल, किती वाजता, हे नीट ऐकलं नाही तर पेशंटचं काय होईल?’’

या उत्तरात अर्धी परीक्षा आली. कानावर शब्द पडणं वेगळं आणि त्यातून नेमकं काय करायचं आहे, ते पकडणं वेगळं. तपासलं जातं ते हे दुसरं.

या दोघांसाठी हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी हवी, तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये ७ आणि रायटिंगमध्ये ६.५ लागतात. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत ‘सीएलबी ९’ ही लेव्हल गाठली, की पॉइंट्समध्ये चांगलीच उडी मिळते. त्यासाठी रीडिंग, रायटिंग, स्पीकिंगला ७ पुरतात, पण लिसनिंगला थेट ८ हवेत! माझ्या मित्राच्या ६.५ मुळे त्याचं रीडिंग ‘सीएलबी ८’ वर अडकलं आणि पॉइंट्सचं सगळं गणित बिघडलं. परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर. टेन्शन येणारच की!

कान एकदाच टवकारा

आता परीक्षकाच्या बाजूने विचार करा. बोलणं त्याला ऐकू येतं, लिहिणं दिसतं. पण ऐकणं आणि वाचणं चालतं तुमच्या डोक्यात. तिथे डोकावणार कसं? म्हणून तो पुरावा मागतो. गाळलेली जागा भरा, पर्याय निवडा, नकाशावर खूण करा. यात एक गोची आहे. लिसनिंगचा प्रश्न आधी वाचावा लागतो आणि उत्तर टाइप करावं लागतं. म्हणजे ऐकण्याच्या परीक्षेत थोडं वाचन आणि थोडं स्पेलिंगही आपोआप तपासलं जातं. ‘अकोमोडेशन’ अगदी बरोबर ऐकलं, पण त्यातला एक ‘एम’ खाल्ला, की उत्तर चूक. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन लिहिले, तरी चूक.

लिसनिंगचे चार भाग, चाळीस प्रश्न, साधारण अर्धा तास. पहिल्या भागात रोजच्या व्यवहारातला संवाद, दुसऱ्यात एकाच माणसाचं बोलणं, तिसऱ्यात शिक्षणाशी संबंधित चर्चा आणि चौथ्यात चक्क लेक्चर. रेकॉर्डिंग वाजतं एकदाच. ऑफिसात आपण बिनधास्त ‘‘सॉरी, कम अगेन?’’ म्हणतो. इथे ती सोय नाही. मात्र प्रश्न आधी वाचायला थोडा वेळ मिळतो आणि उत्तरं रेकॉर्डिंगच्या क्रमानेच येतात. हा मोठा दिलासा.

ट्रॅप कुठे असतो? समजा, दवाखान्यातली बाई फोनवर सांगतेय, ‘‘मंगळवारी या... अं, मंगळवारी डॉक्टर नाहीत, गुरुवारी या.’’ ‘मंगळवार’ ऐकताच ज्याने टाइप केला, तो गेला! शब्द ऐकू आला म्हणून उत्तर सापडलं, असं होत नाही. वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं. घाईघाईत दुसऱ्याचं बोलणं तोडणारे आपण सगळे इथेच अडकतो.

दुसरी अडचण आपल्या कानाची. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखाच न्याय देतो. ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन माणूस महत्त्वाच्या शब्दावर जोर देतो आणि बाकीचे गिळून टाकतो. आपलं ठणठणीत ‘शुड हॅव’ त्याच्या तोंडात ‘शुडव्ह’ होऊन जातं. ‘थर्टीन’ की ‘थर्टी’, हे जोर कुठे पडला त्यावर ओळखायचं. शब्द माहीत असतो, फक्त तो या वेशात कधी भेटलेला नसतो.

डेक्कन क्वीन आणि ‘नॉट गिव्हन’

रीडिंगला साठ मिनिटं, चाळीस प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट आणि उतारे वाचण्याचा वेळही त्यातच! विद्यापीठात जाणाऱ्यांसाठीच्या अकॅडमिक पेपरात तीन मोठे उतारे असतात, मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द. कॅनडावाल्यांच्या जनरल ट्रेनिंग पेपरात जाहिराती, सूचना, ऑफिसातली परिपत्रकं आणि शेवटी एक मोठा उतारा असतो.

सगळ्यात जास्त विकेट्स घेतो तो ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ हा प्रकार. सरांनी तो वर्गात शिकवला, पण मला तो कळला आपल्या डेक्कन क्वीनमुळे. समजा, उताऱ्यात एवढंच लिहिलंय: ‘डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली. या गाडीला डायनिंग कार आहे.’ आता तीन विधानं बघा.

एक: या गाडीत प्रवाशांना बसून खाण्याची सोय आहे. ट्रू. शब्द बदलले, अर्थ तोच.

दोन: ही गाडी १९४७ नंतर सुरू झाली. फॉल्स. उतारा याच्या बरोबर उलट सांगतो.

तीन: डायनिंग कारमधले पदार्थ महाग आहेत. इथे अप-डाउन करणारा प्रत्येक जण ठासून उत्तर देईल! पण उतारा याबद्दल चकार शब्द बोलत नाही. म्हणून, नॉट गिव्हन.

तुम्हाला काय माहीत आहे, काय वाटतं, हे इथे कुणी विचारत नाही. कागदावर काय आहे आणि काय नाही, एवढंच विचारतात. माझा मित्र नेमका इथेच घसरत होता. कामात त्याला अर्ध्या मेलवरून पुढचं सगळं कळतं, कारण प्रोजेक्ट त्याच्या डोक्यात असतं. रिकाम्या जागा तो स्वतःच्या माहितीने भरतो. ऑफिसमध्ये याला अनुभव म्हणतात, परीक्षेत मार्क जातात.

दुसरा फंडा म्हणजे शब्दांची अदलाबदल. उताऱ्यात ‘फी माफ केली’ असेल, तर प्रश्नात ‘विद्यार्थ्यांना पैसे भरावे लागले नाहीत’ असं येणार. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधत बसलात, तर वेळ संपतो आणि हाती काही लागत नाही. शोधायचा तो अर्थ.

आकडा किती मनावर घ्यायचा?

लिसनिंगमध्ये चाळीसपैकी ३० बरोबर आले, की साधारण ७ बँड मिळतो, ३५ आले की ८. अकॅडमिक रीडिंगचंही गणित जवळपास हेच. जनरल ट्रेनिंगचे उतारे सोपे, म्हणून तिथे ७ साठी सुमारे ३४ लागतात. पेपर थोडा कठीण-सोपा असेल, तसा हा आकडा जरासा हलतो. म्हणजे ६.५ आणि ७ यांच्यात अनेकदा एका-दोन प्रश्नांचंच अंतर असतं.

आणि मोजपट्टी कितीही चांगली असली, तरी थोडी इकडेतिकडे होतेच. परिपूर्ण विश्वासार्हतेला १ मानलं, तर आयईएलटीएसच्या या दोन पेपर्सची विश्वासार्हता ०.९ च्या आसपास येते. परीक्षांच्या जगात हा सॉलिड आकडा आहे. तरीही एकाच माणसाचा बँड आज एक आणि पुढच्या महिन्यात अर्ध्याने वर किंवा खाली, हे सहज होऊ शकतं. व्हिसाचा नियम मात्र अर्ध्या बँडवरही अडवतो. म्हणून आकडा गंभीरपणे घ्या, पण ‘मला इंग्लिश येत नाही’ असा त्याचा अर्थ काढू नका. त्या सकाळी, त्या प्रकारचं ऐकणं-वाचणं तुम्हाला किती जमलं, एवढंच तो सांगतो.

परीक्षा निवडतानाही हाच विचार करा. नर्स आणि डॉक्टरांसाठी ओईटी नावाची वेगळी परीक्षा आहे. तिच्यात पेशंटशी झालेला संवाद ऐकून नोट्स भरायच्या असतात. रीडिंगच्या पहिल्या भागात चार छोट्या मजकुरांमधून पंधरा मिनिटांत वीस उत्तरं शोधायची, अगदी ड्युटीवर शोधतो तशी. साताऱ्याच्या त्या ताईने हे पेपर पाहिले आणि तिचा चेहराच खुलला. ब्रिटनचं नर्सिंग कौन्सिल ही परीक्षाही मान्य करतं. पीटीईमध्ये ऐकलेल्याचा सारांश लिहावा लागतो आणि त्याचे मार्क लिसनिंग आणि रायटिंग दोन्हींत जातात. टोफेलने जानेवारी २०२६ पासून लिसनिंग आणि रीडिंग ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ केलं. पहिला टप्पा कसा गेला, त्यावर पुढचे प्रश्न सोपे की कठीण, हे ठरतं. सगळ्यांना एकच माप लावायचे दिवस गेले!

ऑफिस सांभाळून तयारी

● रोज पाच मिनिटांचं इंग्रजी ऑडिओ एकदाच ऐका, सबटायटल्स बंद ठेवून. मग दोन वाक्यांत सांगा, काय ऐकलंत? मराठीत सांगितलंत तरी चालेल. तपासायची आहे समज.

● मग तेच ऑडिओ लिखित मजकूर समोर ठेवून पुन्हा ऐका. जो शब्द माहीत असूनही निसटला, त्याखाली रेघ मारा. हीच तुमच्या कानाची डिक्शनरी.

● ऑफिसची एक मोठी मेल रोज पूर्ण वाचा. स्वतःला विचारा, यात काय लिहिलंय आणि मी मनाने काय जोडलं?

● घड्याळ लावून वाचा. एका उताऱ्यावर वीस मिनिटं झाली, की पुढे चला.

● एकही उत्तर कोरं सोडू नका. आयईएलटीएसमध्ये चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत.

● एकाच भागात घसरलात? कॉम्प्युटरवर दिलेल्या आयईएलटीएसमध्ये ‘वन स्किल रिटेक’ची सोय आहे. पहिल्या परीक्षेपासून साठ दिवसांच्या आत तेवढाच भाग पुन्हा द्यायचा. पण तो स्कोअर सगळीकडे चालतोच असं नाही. पैसे भरायच्या आधी तुमच्या विद्यापीठाला किंवा इमिग्रेशन खात्याला विचारा.

आणि परदेशी जायचंच नसेल तर? तरी करून बघा. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत ऐकणारा आणि आलेली मेल खरोखर वाचणारा सहकारी कुठल्या टीमला नको असतो? ऑल द बेस्ट!