गतिरोध आणि ऊर्जेची परतफेड

लखनौच्या उत्तरेस, सीतापूर मार्ग व कुर्सी मार्ग यांच्या परिसरात वसलेले जानकीपुरम सपाट आहे. येथे गाडीला थांबवितात ते चौक. साध्या ब्रेकमध्ये तिची गती घर्षणाने उष्णता होऊन नष्ट होते. विद्युत् मोटारीतील पुनर्जनक गतिरोधात मात्र चाकेच मोटर फिरवितात, मोटर जनित्राचे कार्य करते आणि वीज बॅटरीत परतते. दीड हजार किलोग्रॅमची गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा ७५ किलोज्यूल, म्हणजे सुमारे २१ वॅट-तास भरते. एका थांब्याची ही रक्कम क्षुल्लक. पण शहरात थांबे मोजावेत किती?

मराठी मुलुखाला ही कल्पना नवी नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, १९२८ पासून आलेली ‘खेकडा’ इंजिने बोरघाटाच्या ३७ स १ या उतारावरून येताना वीज तारेत परत धाडीत. तेथे ती वीज दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडू शके. जानकीपुरमच्या मोटारीला आपली कमाई स्वतःच साठवावी लागते.

‘पुनर्जनन’ या शब्दाने पुनर्जन्म आठवावा हे स्वाभाविक, परंतु येथे प्रत्येक जन्मात काही घटते. हवेच्या व टायरच्या विरोधात खर्ची पडलेली ऊर्जा परत येत नाही. साठविताना आणि पुन्हा वापरताना गळती होते ती वेगळीच. ‘फुकट वीज’ हे वर्णन म्हणूनच भ्रामक होय. बॅटरी काठोकाठ भरलेली असल्यास वीज घेण्यास जागाच नसते, आणि अकस्मात कोणी आडवे आले तर एकट्या मोटरीचा रोध पुरत नाही. घर्षणाचे ब्रेक त्यामुळे या गाड्यांतही कायम आहेत.