लॅपटॉपचे क्लिक बिघडले? दुरुस्तीला नेण्यापूर्वी एवढे करून पाहा

आमच्या बेल्ह्याचा आठवडे बाजार सोमवारी भरतो. बैलबाजाराला लांबलांबची माणसे येतात आणि जाताना घरच्यांसाठी कापडही घेतात. अशाच एका सोमवारी आमच्या दुकानातला जुना लॅपटॉप हट्टाला पेटला. एका फाइलवर क्लिक करावे, तर शेजारच्या तीन-चार निवडल्या जात. नाव लिहिताना 'पी' दाबावा, तर छपाईची चौकट उघडे. गिऱ्हाईक समोर उभे आणि मागची बाकी काही दिसेना. एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केले, टचपॅड बदलावे लागेल. प्रत्यक्षात टचपॅड शाबूत होते. डाव्या कोपऱ्यातल्या कंट्रोल बटणाखाली कापडाचे तंतू साठले होते आणि ते दाबलेलेच राहिले होते.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट गाठीला बांधली आहे. बिघाड माउसचा दिसतो, पण मूळ कीबोर्डात असू शकते. म्हणून आधी बिघाड कोठे आहे हे शोधावे, मग खिशात हात घालावा.

आधी हिशेब वाचवा

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, अशी ताकीद कुरआन शरीफच्या सूरह बकरामधील आयत 282 मध्ये आहे. आपल्यापैकी अनेकांची ती वही आता लॅपटॉपमध्ये आहे. गिऱ्हाइकाची उधारी आणि कारागिराची मजुरी ही आपल्याकडची अमानत आहे. शिवाय सरकारी तारखा कोणासाठी थांबत नाहीत. दरमहा विवरण भरणाऱ्याला जीएसटीआर-1 पुढील महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-3बी 20 तारखेपर्यंत भरावे लागते. 3बीला उशीर झाला, तर दिवसाला 50 रुपये आणि व्यवहारच नसेल तर 20 रुपये विलंब शुल्क लागते. म्हणून लॅपटॉप कुरकुर करू लागताच, पहिल्यांदा हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्यावी.

शोध घेण्याचा क्रम

पहिली पायरी, लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. नुसते 'शट डाउन' करून भागत नाही. विंडोज 10 व 11 मध्ये लवकर सुरू होण्याची सोय चालू असेल, तर बंद करताना काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये तो नव्याने सुरू होतो.

दुसरी पायरी, कंट्रोल, विंडोज आणि 'ओ' ही बटणे एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्डचे चित्र येते. आता खरे बटण दाबले की चित्रातले तेच बटण उजळते. हात न लावताही एखादे उजळलेले राहिले, तर ते अडकले आहे असे समजा. कंट्रोल अडकले तर क्लिक केल्यावर एकाऐवजी अनेक गोष्टी निवडल्या जातात. शिफ्ट अडकले तर पहिल्यापासून शेवटपर्यंतची ओळच्या ओळ निवडली जाते.

तिसरी पायरी, शेजाऱ्याकडून यूएसबीचा माउस व कीबोर्ड आणून जोडा. बाहेरचा माउस नीट चालला तर दोष टचपॅडचा. बाहेरचाही बिघडला, तर दोष विंडोजच्या मांडणीत असेल किंवा आतले बटण अजून अडकलेले असेल. म्हणून दुसरी पायरी गाळू नये.

जेथे बिघाडच नसतो

कित्येकदा काहीही मोडलेले नसते, फक्त मांडणी बदललेली असते. लहान लॅपटॉपवर नम लॉक चालू झाला की 'जे, के, एल'च्या जागी 1, 2, 3 उमटतात. उजवे शिफ्ट 8 सेकंद दाबून राहिले, तर बटण चटकन दाबलेले मशीन मानत नाही. शिफ्ट पाच वेळा दाबले गेले, तरी बटणांचे वागणे बदलते. दोन्ही वेळा पडद्यावर विचारणा येते, आणि घाईत आपण 'हो' म्हणून बसतो. आमच्यासारखे उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्हीत लिहिणारे तर विंडोज व स्पेस एकत्र दाबून भाषा बदलतात आणि विसरतात. मग इंग्रजी नाव टाकायला जावे, तर उजवीकडून उर्दू अक्षरे उमटू लागतात. टचपॅड अगदीच मुके झाले, तर वरच्या ओळीत टचपॅडचे चिन्ह असलेले बटण एफएन बटणासह दाबून पाहा. ते चुकून बंद झालेले असते.

आपल्या धंद्याचा शत्रू: तंतू

कापड दुकानात आणि शिवणकामाच्या खोलीत तंतू सर्वत्र उडतात. ते माउसच्या पोटातील प्रकाशाच्या छिद्रात बसतात आणि बाण जागच्या जागी थरथरतो. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, उलटा धरून मऊ ब्रशने झाडावा. शिलाई मशीन साफ करण्याचा ब्रश उत्तम. बटण खेचून काढू नये, खालची नाजूक पकड तुटते. दुकानाच्या काचेच्या काउंटरवर प्रकाशाचा माउस नीट चालत नाही, खाली साधा कागद ठेवावा. एका क्लिकवर दोन क्लिक होत असतील, तर माउसच्या आतील कळ झिजलेली असते. असा माउस दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा घ्यावा.

येथे मात्र हात आवरा

टचपॅड वर उचललेले दिसत असेल, क्लिक घट्ट झाले असेल किंवा खालचे झाकण फुगले असेल, तर आतील लिथियम बॅटरी फुगलेली असू शकते. टचपॅड दाबून खाली बसवण्याचा प्रयत्न करू नये. बॅटरीला भोक पडले तर ती पेट घेऊ शकते, आणि आपल्या दुकानात चहूबाजूंनी कापडच आहे. चार्जर काढा, मशीन बंद करा, कापडापासून दूर ठेवा आणि जाणकाराकडूनच बॅटरी बदलून घ्या. चहा सांडला तरी आधी वीज तोडावी, लॅपटॉप उपडा ठेवावा आणि सुकला असे वाटले तरी घाईने चालू करू नये.

लॅपटॉप दुरुस्तीला देताना बँकेचे व जीएसटीचे पासवर्ड लिहिलेला कागद बरोबर देऊ नये, ओटीपी तर कोणालाच सांगू नये. 'काय बदलणार?' आणि 'जुना भाग परत देणार का?' हे आधीच विचारून घ्यावे. एवढे केले तर, इन्शाअल्लाह, तंतू काढण्याच्या कामासाठी नव्या टचपॅडचे पैसे कोणाला मोजावे लागणार नाहीत.