माशीनेच मारली माशी!

गायीच्या जखमेत किडे पडले, तर गवळी तिला खुंट्याला बांधतो, जखम धुतो, औषध लावतो. परंतु रानातल्या हरणाला कोण बांधणार?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला लहानलहान बेटांची एक माळ समुद्रात पसरलेली आहे. बिग पाइन की हे त्यांतलेच एक. येथील हरणे मोठी गोजिरवाणी. पुरता वाढलेला नरसुद्धा खांद्यापाशी जेमतेम अडीच फूट! या बेटांच्या माळेबाहेर जगात कोठेही ही जात रानात आढळत नाही. शिकाऱ्यांनी तिचा जवळजवळ निकाल लावला होता. १९५७ साली तिच्यासाठी अभयारण्य झाले आणि मग ती सावरली.

२०१६ च्या शरद ऋतूत मात्र डोक्यावर भयंकर जखमा झालेले नर तेथे दिसू लागले. माजाचे दिवस, शिंगांच्या झुंजीत ओरखडे निघायचेच. पण या ओरखड्यांवर ‘स्क्रूवर्म’ जातीची माशी अंडी घालीत होती. एका वेळी दोन-तीनशे! जखमांवर बसणाऱ्या इतर बहुतेक माश्यांच्या अळ्या सडके मांस खातात. हिच्या अळ्यांना जिवंत मांसच लागते. जखमेच्या वासाने आणखी माश्या येतात आणि मुके जनावर हाल होऊन मरते. अशी १३५ हरणे गेली. वेदनांतून सोडविण्यासाठी कित्येकांना रक्षकांनीच मरण दिले.

वसंतात माद्या विणार होत्या. मग बाळंतपणाच्या जखमा आणि पाडसांच्या ओल्या नाळा म्हणजे माश्यांना मेजवानीच! त्यापूर्वी काही करणे भाग होते.

स्वयंसेवकांनी पावाच्या तुकड्यांतून हरणांना औषध चारले. परंतु खरा तोडगा एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलंड या शास्त्रज्ञांनी फार पूर्वीच शोधून ठेवला होता. या माशीची मादी आयुष्यात बहुधा एकदाच नराशी संग करते. तो नर निर्बीज निघाला, तर तिची सारी अंडी फुकट! म्हणून कारखान्यात माश्या वाढवायच्या, किरणांनी त्यांना निर्बीज करायचे आणि मोकळे सोडायचे. १९५४ साली कुरासाव बेटावर ही युक्ती फळाला आली. १९६६ पर्यंत अमेरिकेतून या माशीचे ठाणे उठले होते.

तीच युक्ती पुन्हा कामास आली. पनामातील कारखान्यातून आणलेल्या १८ कोटींहून अधिक निर्बीज माश्या फ्लोरिडात सोडण्यात आल्या. मार्च २०१७ मध्ये संकट टळल्याचे जाहीर झाले. पाडसे सुखरूप जन्मली.

पण शत्रू मेलेला नाही. २०२३ पासून त्याने पनामाची नाकेबंदी ओलांडून उत्तरेची वाट धरली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो मेक्सिकोत सापडला. रानातल्या प्रत्येक जखमेवर मलम लावणे माणसाला जमणार नाही; माशीला वाटेतच अडविणे मात्र त्याच्या हातात आहे. तो पहारा ढिला पडला, की किंमत मुक्या जिवांनाच मोजावी लागते.