ताऱ्यांचे देणे

घरातील एखादे वडीलधारे माणूस निवर्तले, म्हणजे लहान मुलांची समजूत घालणे मोठे कठीण होऊन बसते. ‘आजी कोठे गेली?’ या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे. मुलाला अंगणात न्यावयाचे, आकाशाकडे बोट दाखवावयाचे आणि म्हणावयाचे, ‘ती बघ, चांदणी झाली.’ माझ्या लहानपणी मलाही हेच उत्तर मिळाले होते, आणि पुढे कित्येक रात्री मी एक चांदणी हेरून ठेवली होती.

मोठेपणी विज्ञानाची तोंडओळख झाली, तेव्हा ही समजूत टाकून द्यावी लागली. परंतु तिच्या मोबदल्यात जे हाती आले, ते अधिक विलक्षण होते. मेलेला माणूस तारा होत नाही, हे खरे. पण मेलेल्या ताऱ्यांच्या द्रव्यातून माणूस घडला आहे, हेही तितकेच खरे. हे कसे, ते आज आपणांस पाहावयाचे आहे.

मुळात तारे कशाचे बनले आहेत, हे कळावे तरी कसे? तेथे जाऊन चिमूटभर द्रव्य काही आणता येत नाही. ताऱ्यांची रासायनिक घटना माणसाला कधीच कळणार नाही, असे ऑग्यूस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ साली निक्षून सांगितले होते. त्यानंतर पुरती पंचवीस वर्षेही लोटली नाहीत, तोच किर्खोफ आणि बन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी वाट शोधून काढली. विस्तवावर मीठ टाकले की ज्योत पिवळी होते, हे आपण पाहिलेच असेल. तो पिवळेपणा मिठातील सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशाच्या वर्णपटात अशा आपापल्या ठराविक रेषा उमटविते. प्रकाश हाच ताऱ्याने पाठविलेला खलिता. त्याची लिपी तेवढी वाचता आली पाहिजे.

ती नीट वाचावयास शिकविण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. ताऱ्याच्या तपमानाप्रमाणे या रेषा ठळक वा पुसट कशा होतात, याचे गणित मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडले. त्याचा आधार घेऊन सिसिलिया पेन या विदुषीने १९२५ साली दाखवून दिले की, तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. हायड्रोजन म्हणजे सर्वांत हलके, सर्वांत साधे मूलद्रव्य. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्वाचा आरंभ झाला, तेव्हा तेच मुबलक होते. जोडीला हेलियम आणि नाममात्र लिथियम. कार्बन नव्हता, प्राणवायू नव्हता, लोखंड नव्हते. मग ही द्रव्ये आली कोठून?

ती शिजली ताऱ्यांच्या पोटात. आपल्या सूर्याच्या गाभ्याचे तपमान सुमारे दीड कोटी अंश आहे, आणि तेथे दर सेकंदाला साठ कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होत असते. गाभ्यातील हायड्रोजन सरला, की गाभा आकसतो आणि अधिक तापतो. तपमान दहा कोटी अंशांच्या घरात गेले, म्हणजे हेलियमचे तीन अणुगर्भ एकत्र येऊन कार्बनचा एक अणुगर्भ बनतो. मात्र दोघांची जोडी जमते न जमते तोच फुटते. तेवढ्या अवधीत तिसऱ्याने येऊन मिळावयाचे, हे जवळजवळ अशक्यच. डॉ. जयंत नारळीकर यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल यांनी यावर उलट दिशेने विचार केला. जगात कार्बन आहे, आपण आहोत. तेव्हा कार्बनच्या अणुगर्भात हे मीलन सुकर करणारी एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे! १९५३ साली कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत शोध घेतला, तो खरोखरच ती पातळी सापडली. पुढे १९५७ साली मार्गारेट व जेफ्री बर्बिज हे दांपत्य, विल्यम फाउलर आणि हॉइल या चौघांनी मूलद्रव्यांच्या घडणीचा सविस्तर आराखडाच सिद्ध केला.

सूर्याहून कितीतरी जड असलेल्या ताऱ्यांत ही चूल आणखी पेटत जाते. कार्बनपासून निऑन, पुढे प्राणवायू, सिलिकॉन अशा पायऱ्या चढत ती लोहापर्यंत पोहोचते आणि तेथे थांबते. कारण लोहाच्या मीलनातून ऊर्जा निघत नाही, उलट खर्ची पडते. आधार सुटलेला गाभा एका सेकंदाच्या आत ढासळतो आणि ताऱ्याचा प्रचंड स्फोट होतो. १०५४ साली चिनी ज्योतिर्विदांनी असाच एक स्फोट पाहिला. तो तेवीस दिवस भर दिवसाही दिसत होता. त्याचे विखुरलेले अवशेष आजही वृषभ राशीत दुर्बिणीतून दिसतात. श्वेतबटू नावाचे लहान मृत ताऱ्यांचे गोळेही कधी कधी फुटतात, आणि पुष्कळसे लोह त्यांच्याकडूनच येते.

सोन्याची कथा आणखी निराळी. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर शास्त्रज्ञांनी नोंदली. जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, याचा पुरावा त्या प्रकाशातून मिळाला. मंगळसूत्रातील सोन्याचा काही अंश अशाच एखाद्या टकरीतून आला असावा.

असे हे द्रव्य अवकाशात पसरते, वायूच्या मेघांत मिसळते, आणि त्या मेघांतून नवे तारे जन्म घेतात. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच एका मेघातून सूर्य आणि पृथ्वी उत्पन्न झाली. आपल्या शरीरातील पाण्याचा हायड्रोजन विश्वारंभीचा. पण हाडांतील कॅल्शियम, श्वासातील प्राणवायू आणि रक्ताला लाली देणारे ते अवघे तीन-चार ग्रॅम लोह, ही सारी ताऱ्यांची मिळकत. राजा असो वा रंक, या बाबतीत कोणाचे कुळ उच्च नाही आणि कोणाचे नीच नाही.

मग मुलाने विचारलेच, तर काय सांगावे? मला वाटते, त्याला अंगणात जरूर न्यावे. हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्राच्या चौकोनात काक्षी नावाचा तांबूस तारा दिसतो. तो आता म्हातारा झाला आहे; आणखी लाखभर वर्षांत केव्हातरी त्याचाही स्फोट होईल. मुलाला तो दाखवावा आणि सांगावे, ‘आजी तेथे गेली नाही, बाळ. पण ती ज्या द्रव्याची होती, ते अशाच ताऱ्यांत घडले होते. आणि तुझ्या अंगातले रक्तही त्याच द्रव्याचे आहे.’ मूल कदाचित लगेच समजणार नाही. परंतु आपण त्याच्याशी खोटे बोललो नाही, एवढे समाधान आपल्यापाशी राहील.